अडुसष्ट जणांचे अडुसष्ट बीम

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्ज सोडून कुणी काही लिहिलेलं नाही, आणि अर्जही बहुतेक मीच लिहिलेत. त्यामुळे स्वतःबद्दल पानंच्या पानं लिहायची म्हणजे दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सिव्हिलचा. भाषा येते तेवढीच येते. पण गेल्या वर्षी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगावं असं राहून राहून वाटतं, आणि तोंडी सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "एवढंच ना?" म्हणून लिहायचं धाडस करतो आहे. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

डिप्लोमा करून मी थेट दुसऱ्या वर्षाला आलो, तेही प्रवेशाच्या अगदी शेवटच्या फेरीतून. वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आल्यावर कळलं की 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' हा विषय कॉलेजात शिकवलाच जात नाही. शिकवायला माणूस मिळाला नव्हता. शेवटी कॉलेजने एका निवृत्त मॅडमना गळ घातली, आणि त्यांनी सांगितलं की शिकवीन, पण माझ्या घरून, सदाशिव पेठेतून, मोबाइलवर. म्हणून आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेसातला, आम्ही अडुसष्ट मुलं-मुली आपापल्या ठिकाणी बसून मॅडमच्या टेबलाकडे बघायचो.

टेबलाकडेच. चेहरा कधी दिसला नाही. त्यांनी फोन वर कुठेतरी टांगलेला होता, तोंड खाली करून. दिसायचे ते दोन हात, कोरे कागद, शिसपेन्सिल, आणि त्या दिवशी जे काही दाखवायचं असेल ते. डाव्या मनगटावर जुनं घड्याळ. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिल धरून धरून पडलेला घट्टा. चार महिने मी त्या घट्ट्याकडे बघत शिकलो.

मी हे लेक्चर ऐकायचो ते आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर. तिथे अभ्यासिका आहे. घरी दोन खोल्या, आणि सकाळी आई मेसच्या पोळ्यांना बसते, तेव्हा परातीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. अभ्यासिकेत वायफाय आहे आणि शांतता आहे. शांतता जरा जास्तच. सगळे स्पर्धा परीक्षेची पोरं, पान उलटलं तरी मान वर करून बघतात.

पहिल्याच लेक्चरला मॅडमनी एक मोठं खोडरबर घेतलं. त्याच्या कडेवर पेनाने सारख्या अंतरावर उभ्या रेघा ओढल्या. मग दोन्ही टोकांना धरून ते मधोमध खाली वाकवलं. वरच्या बाजूला रेघा जवळ आल्या, खालच्या बाजूला लांब गेल्या. आणि अधेमधे एक पातळी अशी होती की तिथे रेघांमधलं अंतर जसंच्या तसं.

"वरचं दबतंय, खालचं ताणतंय, मधलं दोघांचंही ऐकत नाही," मॅडम म्हणाल्या. "दिसलं? आता वर बघा. आपण बसला आहात त्या खोलीचा बीम आत्ता हेच करतो आहे. फक्त आपल्याला दाखवत नाही."

मी वर बघितलं. अभ्यासिकेचा बीम, त्यावर चुन्याचे पोपडे, पंख्याची काळी तार. त्याच्याखाली वीस-बावीस पोरं माना खाली घालून बसलेली, आणि तो त्यांच्या डोक्यावर न बोलता, न थांबता, वरून दबत आणि खालून ताणत उभा. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. शेजारचा हळूच म्हणाला, "पाल आहे का रे?"

डिप्लोमात हा विषय मी शिकलो होतो. सूत्र पाठ होतं, मार्कही बरे होते. पण वर बघ असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम लेक्चरचं रेकॉर्डिंग ठेवायच्या. सुट्टीच्या दिवशी मी ते घरी लावायचो. माझे बाबा बांधकामावर सळई बांधायचं काम करतात. आम्ही मूळचे विदर्भातले, मी चार वर्षांचा असताना बाबांनी पुण्याला आणलं, आणि तेव्हापासून ते पुण्यातल्या इमारतींचे गजच बांधतायत. सध्या हिंजवडीला असतात, आठवड्यातून एकदा घरी येतात. एका सुट्टीला मी लावलेल्या लेक्चरमध्ये मॅडमनी छज्जा घेतला होता. एका टोकाला धरलेला आणि दुसरं टोक मोकळं, असा बीम. त्यांनी पोळपाटाच्या कडेला स्टीलची पट्टी दाबून धरली आणि मोकळ्या टोकावर बोट ठेवलं. "इथे उलटं झालं," त्या म्हणाल्या. "इथे वरचं ताणतंय. काँक्रीटला ताण सोसत नाही. म्हणून छज्ज्याचं लोखंड वरच्या अंगाला."

बाबा कपड्यांची घडी घालत होते. ते थांबले.

"मागं घे नं जरासं."

मी मागे घेतलं. त्यांनी परत बघितलं. मग जवळ येऊन बसले आणि तिसऱ्यांदा बघितलं.

"वीस वर्षं झाले," ते म्हणाले, "छज्ज्याले गज वरूनच बांधतो. एकदा खालून बांधला तर मिस्त्रीनं कानाखाली वाजवली होती. पण काऊन वरून, ते कोणी सांगतलंच नाही." मग हसले. "बाई बरोबर सांगते हं."

"त्यांना माहीत असणारच ना बाबा, त्या प्रोफेसर आहेत."

"तसं नाही रे. मले माहीत आहे ते तिले माहीत आहे, हे सांगून राहिलो."

आता खरी गोष्ट. मॅडम दर पंधरा दिवसांनी एक असाइनमेंट द्यायच्या. ऑनलाइन वर्गात उत्तरं एकमेकांना पाठवणं म्हणजे एका बोटाचं काम, म्हणून त्यांनी एक पद्धत ठेवली होती. गणित सगळ्यांना एकच, पण भार वेगळा. 'सहा मीटर लांबीचा बीम, मधोमध भार तुमच्या रोल नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांइतका किलोन्यूटन.' 'शेवटचे दोन' हे शंभरावर मुलांच्या जुन्या वर्गांपासूनचं; आमच्यात ज्याचा नंबर पाच त्याचा भार पाच, ज्याचा साठ त्याचा साठ. अडुसष्ट जणांचे अडुसष्ट बीम. छापायची सोयच नाही.

मी प्रत्येक असाइनमेंट स्वतः सोडवली. आठच्या आठ. भार घेतला एकोणीस.

आठवी असाइनमेंट दिल्यानंतर आठवड्याने विभागाकडून ईमेल आला. त्यात लिहिलं होतं की माझी आणि रोल नंबर एकोणीसच्या विद्यार्थिनीची आठही उत्तरं दशांशापर्यंत सारखी आहेत, हा कॉपीचा प्रकार दिसतो, आणि देणाऱ्यावर व घेणाऱ्यावर सारखीच कारवाई होईल. दोघांची टर्म रोखून ठेवली होती. टर्म मंजूर झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. आधी मॅडम दोघांची तोंडी परीक्षा घेतील, मग कमिटी ठरवील.

मी तो ईमेल चार वेळा वाचला. एकोणीस नंबर तर माझाच, मग ही कोण?

तिचा त्याच दिवशी फोन आला. वर्गाच्या ग्रुपवरून नंबर काढला होता.

"तूच का तो?"

"कोण?"

"माझ्या आठच्या आठ असाइनमेंट छापणारा."

"मी नाही छापल्या हो."

"मग काय मी छापल्या? पहाटं उठून कोंबड्यांचं दाणापाणी करते, मग गणितं सोडवते मी. माझी वही तुला घावली कुठं, तेवढं सांग."

तेव्हा मला कळलं ही कोण ते. लोणी काळभोरची मुलगी, पोल्ट्रीच्या शेडबाहेर बसून लेक्चर ऐकायची. तिचा माइक चुकून चालू राहिला की सगळ्या वर्गाला कोंबड्या ऐकू यायच्या.

"मी तुमची वही बघितलेली नाही. मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

"अहो-जाहो करू नको. मान दिलास म्हणून सोडणार नाय तुला." मग तिचा आवाज जरा खाली आला. "वर्ष गेलं ना, तर दादा म्हणणार, बास झालं कालेज, आता पोल्ट्रीच सांभाळ. त्याला निमित्तच पायजे हाय."

माझं वर्ष गेलं तर बाबा काही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि तेच जास्त अवघड होतं. पण आता माझ्याबरोबर एका अनोळखी मुलीचं वर्षही जाणार होतं, आणि मी नक्की काय केलंय तेच मला कळत नव्हतं.

तोंडी परीक्षा शनिवारी सकाळी दहाला होती. अभ्यासिकेत बोलता येत नाही, म्हणून मी विहाराच्या जिन्यात बसलो. स्क्रीनवर मॅडमचे हात, कोरा कागद. ती पण आली, कोंबड्यांसकट.

"एकोणीस, आधी आपण," मॅडम म्हणाल्या. "कोंबड्यांना जरा बाहेर बसवा, त्यांची परीक्षा नाही आज."

"मॅडम, त्या आतच हायत. मीच बाहेर हाय."

"बरं. मग आपण अजून बाहेर जा."

तिने सगळं धडाधड सांगितलं. मॅडमनी मधे एकदा मुद्दाम चुकीचं विचारलं, तर तिने तेही पकडलं. मग माझी पाळी.

"रोल नंबर सांगा."

मी सांगितला. पूर्ण. एका दमात, एकही आकडा न चुकता.

मॅडमची पेन्सिल तो लिहून घेताना मधेच थांबली.

"मी रोल नंबर विचारला," मॅडम म्हणाल्या. "तिजोरी उघडायला नाही सांगितली."

"हाच आहे मॅडम."

"शेवटचे दोन आकडे कोणते म्हणालात?"

"एकोणीस."

"आयो!" ती ओरडली. "मॅडम, ह्यो पीआरएन सांगतोय!"

पीआरएन म्हणजे विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला देतं तो लांबलचक नोंदणी क्रमांक. डिप्लोमाला मी प्रत्येक पानावर असाच लांब नंबर लिहायचो. इथेही फीच्या पावतीवर तोच, ओळखपत्रावर तोच, लॉगिन केलं की माझ्या नावाखाली तोच. हजेरीसुद्धा लॉगिनवरून आपोआप लागायची, कधी कुणी नंबर पुकारला नाही.

मॅडमच्या हातातली पेन्सिल खाली ठेवली गेली.

"वर्गाची यादी लावली होती ना कॉलेजात?"

"हो मॅडम. माझ्या नावापुढे अडुसष्ट होतं. मला वाटलं तो यादीचा अनुक्रमांक आहे."

"आणि मग रोल नंबर म्हणजे काय असावं असं वाटलं आपल्याला?"

मी खरं ते सांगितलं. "एवढं मोठं कॉलेज आहे, मॅडम. इथे शाळेसारखा नुसता अडुसष्ट नंबर असेल, असं नाही वाटलं."

लोणी काळभोरहून हसू ऐकू आलं, लगेच दाबलेलं. मॅडम हसल्या नाहीत. हात तसेच टेबलावर होते.

"कुणाला विचारलं का नाही?"

मी 'चुकलं मॅडम' एवढंच म्हणालो. नंतर पुष्कळ विचार केला. ज्यांच्या घरात कुणीतरी कॉलेजात जाऊन आलेलं असतं, त्यांना कोणता प्रश्न विचारायचा असतो ते ठाऊक असतं. मला तर इथे प्रश्न आहे, हेच माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी मी विचारला असता का, सांगता येत नाही. शेवटच्या फेरीतून आलेल्या माणसाला वाटत राहतं की जास्त बोललो तर परत पाठवतील.

"मला पटलं," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्या पटण्यावर टर्म मिळत नसते. कमिटीला कागद लागतो. आठही असाइनमेंट अडुसष्टचा भार घेऊन परत सोडवा. हाताने. बुधवारपर्यंत अपलोड करा. पुढचं कमिटी बघेल, मी शब्द देत नाही."

वर जाताना पाहिलं तर अभ्यासिकेची दोन पोरं जिन्याच्या वळणावर ऐकत उभी होती. एक म्हणाला, "बीम राहू दे रे. तू आधी एक ते शंभर शीक."

आठही गणितं मंगळवारी झाली. त्या दिवशी बाबांची सुट्टी होती. मी त्यांना सगळं सांगितलं.

"कॉपी केली का तू?"

"नाही बाबा."

"मंग फोनवर कायले धाडतं? कागद हातात देऊन ये. ज्यानं केलं नाही त्यानं तोंड दाखवावं."

म्हणून बुधवारी बसने गेलो आणि पत्ता विचारत सदाशिव पेठेत पोचलो. मॅडमनी स्वतः दार उघडलं. ठेंगण्या, पांढरे केस, चष्मा. मी गोंधळलो, कारण माझ्या ओळखीचे फक्त हात होते. नमस्कार केला तोही मी त्यांच्या हातांकडे बघूनच.

"अपलोड म्हटलं की घरी येतात का आपल्याकडे?" त्या म्हणाल्या. "आलात तर बसा."

टेबल खिडकीशी होतं. पडद्याच्या दांडीला सुतळीने बांधलेला फोन. आम्ही ज्याच्याकडे चार महिने बघत होतो ते टेबल एवढंसं होतं. आणि शेजारी, जमिनीवर, कागदांचे आठ गठ्ठे, प्रत्येकाला रबरबँड. मॅडमनी पहिला गठ्ठा उचलला आणि माझा कागद ताडून बघायला त्यातला सगळ्यात खालचा कागद काढला.

त्यावर वर लिहिलं होतं, ६८. खाली त्यांच्या अक्षरात ते गणित. सगळं, आकृतीसकट, पायरी पायरीने, अडुसष्टचा भार घेऊन. उत्तर, एकशेदोन. त्याच्या खाली लाल पेन्सिलीने दोन ओळी: 'एकावन्न आलं तर भार बीमभर वाटून टाकला. तीनशे सहा आलं तर तोच भार प्रत्येक मीटरवर ठेवला.'

मी विचारलं, "मॅडम, हे सगळ्यांचं केलंय?"

"मग काय, आपल्या एकट्याचं करू?"

"पण कॉम्प्युटरवर एका मिनिटात..."

"कॉम्प्युटर उत्तर बरोबर की चूक ते सांगतो. मुलगा कुठे घसरला ते मलाच शोधावं लागतं. वर्गात असता तर तोंडाकडे बघून कळलं असतं. इथे मला आपली तोंडं दिसत नाहीत." त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. "म्हणून आधी आपल्या आकड्याने मी चुकून बघते."

मी त्या आठ गठ्ठ्यांकडे बघत राहिलो. अडुसष्ट गुणिले आठ. आम्हाला वाटायचं आम्ही स्क्रीनच्या पलीकडे कुणाला दिसत नाही. कॅमेरा बंद करून कुणी ब्रश करायचं, कुणी झोपायचं. आणि इथे ही बाई एकेकाचा आकडा घेऊन, तो कुठे चुकेल तिथे आधी स्वतः चुकून ठेवत होती. अभ्यासिकेतला बीम पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं होतं तसंच काहीतरी मला वाटलं, पण या वेळी मान वर करायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यातला मॅडमचा अडुसष्टचा कागद निघाला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बारीक लिहिलेलं दिसलं: '१९?' तिसऱ्यावरही तेच. चौथ्यावरही. मी बघितलं, आणि मी बघितलं हे मॅडमनी बघितलं. आठही कागद तपासून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "पाचव्यात आकृती भिकार आहे. उत्तर बरोबर आहे. पोहे खाता का?"

मी पोहे खाल्ले. बश्या विसळू लागलो तर म्हणाल्या, "ठेवा, ठेवा, त्याचे मार्क नाहीत."

कमिटीची बैठक शुक्रवारी होती. आम्हाला बोलावलं नव्हतं, निकाल कळवू असं सांगितलं होतं. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवसही तोच. मी अभ्यासिकेत पुस्तक उघडून बसलो. अकरा वाजले, बारा वाजले. टर्म मिळालेल्यांची यादी ग्रुपवर येणार होती, ती येईना. दीड वाजता फोन थरथरला तसा मी जिन्यात पळालो. लोणी काळभोरची मुलगी होती.

"मी कालेजात हाय," ती कुजबुजली. "दारात बसून होते सकाळपास्नं. आत तिघं सर, अन् मॅडम लॅपटॉपवर. दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं."

"काय झालं?"

"एक सर म्हणले, पोरानं रोल नंबर विचारायला नको होता का, चूक पोराचीच. तर मॅडम म्हणल्या, त्याची चूक एका दिवसाची. माझी तीन महिन्यांची. मला दुसऱ्या असाइनमेंटलाच दिसलं होतं, अडुसष्टच्या कागदावर एकोणीसचा भार. तेव्हाच विचारलं असतं तर एका वाक्यात मिटत होतं. मी विचारलं नाही, पुरावा गोळा करत बसले. शिकवणाऱ्याचं हे काम नव्हं."

मला कागदाच्या कोपऱ्यातलं ते '१९?' आठवलं.

"मग?"

"मग लिव्हणाऱ्या सरांनी पेनच थांबवलं. शेवटी सर म्हणले, मॅडम, हे असं इतिवृत्तात घ्यायचं का? तर म्हणल्या, घ्या की, शुद्धलेखन तेवढं सांभाळा." ती हसली. "ऐकतोयस ना? दिली. टर्म तुझी बी दिली, माझी बी दिली. आत्ता यादी लावत्यात."